उंदीर पडले का?

पिसूच्या घशाशी एक झडप असते, आतून बारीक काट्यांनी भरलेली. पिसू रक्त ओढते तेव्हा ती उघडते, आणि आत गेलेलं रक्त परत फिरू नये म्हणून मिटते. प्लेगचा जंतू रक्तातून पिसूच्या पोटात गेला, की नेमका या काट्यांमध्ये ठाण मांडतो. अंगाभोवती चिकट थर तयार करतो, त्या थरातच वाढतो आणि काही दिवसांत झडप पार बुजवून टाकतो. मग पिसूनं कितीही जोर लावला तरी रक्त पोटात उतरत नाही. ती उपाशीच राहते आणि उपाशी म्हणून चावते. ओढलेलं रक्त बुजलेल्या झडपेवर आपटून मागे येतं आणि येताना जंतू घेऊन चावलेल्या जागी उलटतं. पोट रिकामंच, म्हणून ती पुन्हा चावते. शेवटी भुकेनं मरते.

१९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन या दोघा संशोधकांनी हे उलगडलं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात हे एवढं नाही, तरी मी सांगतेच, कारण डबे खाऊन झाल्यावरच्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असतो आणि पिसूची भूक त्यांना जागं करते. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे मॅडम, पिसू बी पेशंटच ना?" वर्ग हसला. पण पोरगं बरोबर बोललं होतं. या रोगात पिसू पेशंट, उंदीर पेशंट, आणि माणूस त्या दोघांच्या व्यवहारात वाटेत सापडलेला.

जंतूचं नाव येर्सिनिया पेस्टिस. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यानं तो ओळखला. त्याला धड प्रयोगशाळाही मिळाली नव्हती, गवताच्या झोपडीत त्याचं काम चाललं होतं. त्याच दिवसांत तिथेच जपानचे कितासातोही सरकारी इतमामात शोध घेत होते. नाव पुढे येर्सिनचं लागलं. स्लाइडवर रंग दिला की या जंतूची दोन टोकं गडद दिसतात आणि मधला भाग फिका राहतो. सेफ्टी पिनेसारखा दिसतो, असं पाठ्यपुस्तकंच म्हणतात.

मला या जंतूत सर्वांत नवल वाटतं ते त्याच्या निकामी झालेल्या सामानाचं. त्याचा पूर्वज आतड्यात राहणारा, बहुतेक वेळा पोट बिघडवून थांबणारा जंतू. काही हजार वर्षांपूर्वी हा त्यापासून वेगळा झाला. वेगळा होताना थोडं मिळवलं आणि पुष्कळ गमावलं. पूर्वजाकडे युरिया फोडणारं एक एन्झाइम आहे, ते पिसूला बाधतं. याचं ते बंद पडलं, म्हणून पिसू जगते आणि याला फिरवते. उलट पिसूच्या पोटात तग धरू देणारं एक जनुक याला बाहेरून मिळालं. ब्रॉन्झ युगातल्या सांगाड्यांच्या दातांत या जंतूचे जे जुने अंश सापडले, त्यांतल्या कित्येकांत ते जनुक नाही. तेव्हाचा प्लेग पिसूच्या भरवशावर फिरत नसावा. २००१ साली याचा सगळा जनुकसंच वाचून झाला तेव्हा सुमारे चार हजार जनुकांपैकी दीडशेच्या आसपास मेलेली निघाली. अशा अर्ध्यामुर्ध्या जिवानं चौदाव्या शतकात युरोपातली निदान तिसरा हिस्सा माणसं नेली.

आणि त्याला ऊन सोसत नाही! म्हणजे जंतूला नव्हे, त्याच्या पिसूतल्या बिऱ्हाडाला. हवा फार तापली की झडपेतला तो चिकट बोळा नीट टिकत नाही, आणि कोरड्या उष्ण हवेत पिसवाही लवकर मरतात. त्यामुळे मध्य आणि उत्तर हिंदुस्थानात प्लेग थंडीत चढायचा, शिमग्याच्या आसपास कळस गाठायचा आणि मे महिन्यात ओसरायचा. नागपूरच्या उन्हाळ्याला आपण सगळे शिव्या घालतो. नवतपा लागला की कूलरमध्ये पाणी भरता भरता माझ्याही तोंडून काय काय निघतं. पण एके काळी याच पंचेचाळीस अंशांनी या शहरात औषधाचं काम केलंय. दुसरं औषध होतंच कुठे? आमच्या आजीच्या हिशेबात त्याचं श्रेय देवीला होतं. चैत्रात देवीला गार केलं की मरी उतरते, असं ती ठामपणे सांगायची. महिना तिनं बरोबर पकडला होता.

आजी तांडापेठेतली, कोष्ट्याच्या घरातली. ही गोष्ट तिच्या आईची, ती दहा-बारा वर्षांची होती तेव्हाची, म्हणजे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. आजीनं ती आईच्या तोंडून ऐकली आणि आम्हाला सांगताना स्वतः पाहिल्यासारखी सांगितली.

कोष्ट्याचं घर म्हणजे मातीची जमीन, वर कवेलू, आणि मधल्या खोलीत खड्ड्याचा माग. विणणारा जमिनीच्या काठावर बसायचा, पाय खड्ड्यात. खाली पायानं पावड्या दाबायच्या, वर हातानं धोटा फेकायचा. सुताला ताठपणा यावा म्हणून पिठाची खळ लावायची. खळीचं भांडं कोपऱ्यात, धान्याची कणगी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि छपरात कवेलूंखाली उंदरांची घरं. काळा घरउंदीर उंचावर राहणं पसंत करतो. तो आजारी पडला की वरून खाली येतो, दिवसाढवळ्या झोकांड्या खात फिरतो आणि माणसांच्या देखत मरतो. त्याचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या पिसवा उतरतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. आधी दुसरा उंदीर. तो न मिळाला तर माणूस.

"उंदीर पडला का घर सोडाचं. इचारत नाही बसाचं," आजी म्हणायची. घरोघर हे ठाऊक होतं. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरात एकोणिसाव्या शतकापासून लोक हेच करत आलेले, उंदीर मेले की गाव सोडून रानात झोपड्या टाकत. त्याची सरकारी दफ्तरांत नोंदही होती. शिकलेल्या माणसांनी ती वाचली आणि अडाण्यांची चाल म्हणून बाजूला ठेवली.

तर आजीच्या आईच्या घरीही उंदीर पडले. भांडी, गोधड्या, थोडे तांदूळ घेऊन सगळे निघाले. वस्तीबाहेर आंब्याची झाडं होती, तिथे गल्लीतल्या बाकीच्यांनी पऱ्हाटीचे कुड घालून झोपड्या उभ्या केल्या होत्या. त्यांच्यात यांची एक. उघड्यावर थंडी फार, पण उंदीर नाहीत. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे झालं म्हणायचं. पण माग घरी राहिला. माग काही बैलबंडीत घालून नेता येत नाही, तो खड्ड्यात बसवलेला. त्याच्यावर अर्धं लुगडं होतं आणि सूत इतवारीतल्या सावकाराचं. लुगडं पुरं झाल्याशिवाय पैसा नाही, आणि पैशाशिवाय आंब्याखाली किती दिवस निघणार? आजीच्या आईचा बाप रोज उजाडताच घरी यायचा, दार उघडायचा, खड्ड्यात पाय सोडून विणायचा आणि सांजेला परत. घरात माणूस दुसरं नव्हतं. उंदीर सगळे मेलेले. ज्या पिसवा होत्या त्यांना त्या घरात ऊबदार असं एकच अंग उरलं होतं, आणि त्याचे पाय उघडे, जमिनीच्याही खाली.

लुगडं पुरं झालं. त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, जांघेत गाठ उठली. पायाला चावलं की जंतू त्या बाजूच्या गाठीत जाऊन अडकतो, म्हणून बहुतेकांना जांघेत. उपचाराविना गाठीच्या प्लेगात निम्मी माणसं जातात. हा त्या निम्म्यांतला. सावकारानं लुगड्याचे पैसे दिले की नाही, ते आजीला माहीत नव्हतं. मी मोठेपणी दोन-तीनदा विचारलं. तिला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नाही, मला मात्र अजून वाटतो.

प्लेगचा मुंबईत पहिला बोभाटा झाला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगी पाहिले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं उघड सांगितलं. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची वखारपेठ, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं. तिथून तो पोत्यांच्या संगतीनं देशभर गेला. नागपूर तर रेल्वेच्या वाटेवरचं शहर. १८६७ पासून मुंबईची गाडी इथे येत होती, १८७७ पासून एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत होता, आणि कापसाच्या गाठींची नि धान्याच्या पोत्यांची ये-जा अखंड. उंदराला तिकीट लागत नाही.

माणसाला मात्र लागत होतं, आणि सरकारनं माणसालाच धरलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. स्टेशनांवर उतारूंना उतरवून काखा, जांघा चाचपल्या जाऊ लागल्या, बायकांच्याही. घरं झडत, रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत. अंथरूण-पांघरूण जाळायचं, कवेलू काढून घरात ऊन पाडायचं, भिंतींवर चुना, गटारांत कार्बोलिक. पुण्यात गोऱ्या शिपायांच्या झडत्यांनी जे झालं ते शाळेतल्या पुस्तकातही आहे. रँडवर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गोळी झाडली गेली आणि चापेकर बंधू फासावर गेले. या सगळ्या धामधुमीत घरातले उंदीर काय करत होते? घर धुऊन काढलं की ते शेजारच्या घरात जात होते, पिसवा अंगावर घेऊन.

मी त्या अधिकाऱ्यांना नुसतं दुष्ट म्हणून सोडून देत नाही. त्यांतले कित्येक जीव तोडून काम करणारे होते, काही त्याच रोगानं गेले. पण त्यांची नजर चुकीच्या उंचीवर होती. ते माणसाचा चेहरा, कपडे, जात, घाण पाहत होते. रोग जमिनीपासून चार बोटांवर चालला होता.

त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं, असं सांगतात. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्यांत त्या गेल्या. एवढ्या मोठ्या सरकारी यंत्रणेत रोग्याला हात लावायला न भिणारी माणसं थोडी होती, आणि त्यांतल्या पुष्कळांना कोणतंही पद नव्हतं.

दरम्यान मुंबईत वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस बनवत होते. मटणाच्या रश्शासारख्या द्रवात जंतू वाढवायचे, आणि ते पृष्ठभागाला धरून वाढावेत म्हणून वर तरंगते तुपाचे थेंब. मग ते गरम करून मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तूप हा आपला पदार्थ या गोष्टीत आला, याचा मला उगाच आनंद होतो. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले आणि खापर हाफकिन यांच्यावर फुटलं. दोष त्यांच्या लसीचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं.

उंदराचं काय, हे कोणी विचारलं? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं. तो १८९७ मध्ये येर्सिनच्या जागी हिंदुस्थानात आला होता. त्याच्या नोंदींत एका लोकरीच्या कारखान्याची हकीकत येते. सकाळी कामगार आले तर जमिनीवर मेलेल्या उंदरांचा खच. २० जणांना ते उचलून जागा साफ करायला सांगितलं. तीन दिवसांत त्यांतल्या १० जणांना प्लेग झाला, कारखान्यातल्या बाकी कोणाला नाही. ते वीस जण कोण असतील हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको. रोग हवेत असता तर सगळ्यांना झाला असता. सिमाँनं रोग्यांच्या पायांवर बारीक फोड पाहिले, त्यांत जंतू सापडले, आणि त्याचा संशय पिसवांवर गेला. मग २ जून १८९८ ला कराचीच्या एका हॉटेलात त्यानं काचेच्या बरणीत आजारी उंदीर ठेवला, त्याच्यावर पिसवा सोडल्या. त्या पिसवाही हॉटेलच्या आवारात फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून मिळवलेल्या! आजारी उंदीर मरायला टेकला. मग छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर वरून टांगला, आजाऱ्याला स्पर्श होणार नाही असा. आजारी उंदीर दुसऱ्या दिवशी मेला. काही दिवसांनी तोही प्लेगनं मेला. सिमाँनं हे छापलं तेव्हा बहुतेकांनी खांदे उडवले.

कराचीच्या त्या जूनपासून सरकारनं पिसू मान्य करेपर्यंत सात-आठ वर्षं गेली. आजीच्या आईचा बाप याच वर्षांत गेला. १९०२ च्या साथीत नागपुरातच बळीरामपंत आणि रेवतीबाई हेडगेवार हे दांपत्य एकाच दिवशी गेलं. पुढे संघ स्थापन करणारा त्यांचा मुलगा केशव तेव्हा १३ वर्षांचा होता. ही नोंद राहिली कारण मुलगा प्रसिद्ध झाला. १८९६ नंतरच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात प्लेगनं एक कोटीच्या वर माणसं नेली, आणि त्यांतली बहुतेक आमच्या तांडापेठेच्या विणकरासारखी, कोणाच्या चरित्रात न येणारी.

१९०५ च्या सुमारास मुंबईत ग्लेन लिस्टन आणि प्लेग कमिशनच्या लोकांनी गिनिपिग घेऊन चाळींतल्या घरांत सोडले. घरात पिसवा किती, हे मोजायला जिवंत सापळा. मग त्यांनी पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहिलं. जमिनीलगतचे गिनिपिग मरत, उंच टांगलेले वाचत. उंदराच्या पिसूची उडी वीतभरही नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. पलंगावर झोपणारा आणि जमिनीवर झोपणारा, बूट घालणारा आणि अनवाणी, खुर्चीवर बसून लिहिणारा आणि खड्ड्यात पाय सोडून विणणारा. जंतूला श्रीमंत-गरीब कळत नाही हे आपण फार कौतुकानं म्हणतो. पिसूला उंची मात्र कळते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे रोगराईच्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत, मागे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ओरडले आहे. ही चाल प्लेगच्या आधीची, १८८० च्या दशकातली, म्हणजे प्लेगनं ती जन्माला घातलेली नाही. पण प्लेगच्या त्या वर्षांत ती आरोळी कोणत्या आवाजात दिली गेली असेल, असं दरवर्षी मनात येतं. आता बडग्यांवर महागाई असते, पुढारी असतात, खड्डे असतात. मला ती मिरवणूक आवडते. रोगराईला माणसाचं रूप देऊन शेवटी जाळतात ते पुतळ्याला, शेजाऱ्याला नव्हे. इतिहासात फार ठिकाणी हे उलट झालंय. चौदाव्या शतकात युरोपात विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन ज्यूंच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या.

१९९४ च्या सप्टेंबरात मी बीएस्सीला होते. आधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून गाठीच्या तापाच्या बातम्या आल्या, मग एकदम सुरत. जवळजवळ तीन दशकांत देशात प्लेगचा पक्का रोगी सापडला नव्हता, आणि आता सुरतेतून लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं बाहेर पडत होती. नागपुरात औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं, रुमाल बांधून लोक बाजारात येऊ लागले. आमच्या गल्लीतला एक मुलगा सुरतेला पॉवरलूमवर कामाला होता. त्याच्या बापाचा हातमाग बंद पडून वर्षं झाली होती, म्हणून तो यंत्रमागावर गेलेला. तो भुसावळमार्गे परत आला. गल्लीनं त्याला माडीवरच्या खोलीत ठेवलं, जेवणाचं ताट जिन्याच्या पायरीवर. कोणी त्याच्याशी बोलेना. त्याच्या आईनं रडून घर डोक्यावर घेतलं.

आजी तेव्हा ऐंशीच्या घरात. काठी टेकत गेली, जिन्याखाली उभी राहिली आणि वर पाहून विचारलं, "काऊन गा, तिथं उंदीर पडले होते का?"

"आजी, तापीले पूर आला होता. ढोरं वाहून आले, कुत्रे मेले. त्याच्यात उंदीर कोन मोजते?"

"मोजाले पाह्यजे होते," आजी म्हणाली आणि परत आली.

गल्ली हसली. मी नाही हसले, कारण आमच्या सरांनी आदल्याच दिवशी फळ्यावर हाच प्रश्न लिहिला होता. मात्र गल्लीची भीतीही अगदीच खुळी नव्हती. सुरतेचा प्लेग फुप्फुसाचा म्हणून सांगितला जात होता. जंतू फुप्फुसात उतरला की पिसूची गरज उरत नाही, खोकल्यातून तो थेट माणसाकडून माणसाकडे जातो, आणि चोवीस तासांच्या आत औषध सुरू झालं नाही तर रोगी सहसा वाचत नाही. त्या मुलाला काहीच झालेलं नव्हतं. दिवाळीनंतर तो परत सुरतेला गेला. देशभरातल्या मृतांचा अधिकृत आकडा साठच्या आत राहिला. परदेशी विमानं बंद झाली, निर्यात अडली, आणि नंतरच्या दोनेक वर्षांत सुरत झाडून-पुसून देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. म्हणजे घाण काढता येत होती. आधी का काढली नाही, हे विचारायला साथ यावी लागली.

२०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा कपाटातून निघाला. नागपुरातल्या सतरंजीपुऱ्याच्या गल्ल्या पत्र्यांनी बंद झाल्या, माणसं बसमध्ये घालून आमदार निवासात विलगीकरणाला नेली. कोविडचं गणित मुळातच वेगळं, तिथे माणूसच वाहक होता, त्यामुळे माणसं वेगळी ठेवण्यात अर्थ होता. उत्सुकता म्हणून मी त्या दिवसांत कायदा काढून वाचला. मूळची चारच कलमं. प्रवासी आहेत, रेल्वे आहे, जहाजं आहेत, संशयितांना ठेवायच्या जागा आहेत, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असं आहे. प्लेगसाठी केलेल्या या कायद्यात उंदीर कुठेही नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये तो असणार तरी कसा, सिमाँ अजून कराचीला पोचायचा होता. पण पुढच्या सव्वाशे वर्षांत कोणालाच तो घालावासा वाटला नाही.

जंतू गेलेला नाही. रानातल्या उंदीर-घुशींच्या बिळांत तो टिकून राहतो, तिथून त्याला हाकलणं जवळपास अशक्य. २००२ मध्ये शिमला जिल्ह्यात, २००४ मध्ये उत्तरकाशीच्या एका गावात त्यानं डोकं वर काढलं होतं. मादागास्करमध्ये तर तो दरवर्षी येतो, आणि २०१७ मध्ये तिथे दोनशेच्या वर माणसं गेली. औषध आहे, स्ट्रेप्टोमायसिन, जेन्टामायसिन, डॉक्सिसायक्लिन, ही साधी जुनी औषधं अजून चालतात. फक्त वेळेत सुचावं लागतं, आणि ज्यानं आयुष्यात प्लेग पाहिला नाही त्या डॉक्टरला ते पटकन सुचत नाही.

गेल्या थंडीत आमच्या गल्लीत सिमेंट रस्त्यासाठी खोदकाम चाललं होतं. गटारीची जुनी लाइन फुटली आणि सलग दोन-तीन सकाळी मेलेले उंदीर दिसले. शंभरात नव्व्याण्णव वेळा कोणीतरी विष टाकलेलं असतं, हे मलाही कळतं. तरी मी संबंधित कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसानं फार सौजन्यानं विचारलं, "घरात कोणाला ताप आहे का मॅडम?" नाही म्हटलं. "गल्लीत कोणाला?" माझ्या माहितीत नाही. "मग कशाची कंप्लेंट लिहू?" मी म्हटलं, उंदीर किती मेले ते लिहा. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "त्याचा कॉलम नाही आहे बघा." मग त्यानंच सुचवलं की 'इतर' मध्ये टाकतो. टाकलं असेल. मी गल्लीतल्या पोरांना हात लावायचा नाही म्हणून बजावलं, चिमट्यानं उचलून दुहेरी पिशवीत कसं बांधायचं ते दाखवलं, आणि त्यांतल्या एकाला रोज मोजायला सांगितलंय. तो एका उंदरामागे पाच रुपये मागतो. तीनवर सौदा झालाय.